सुरगाठ

रात्रीचा दुसरा खेळ संपला, प्रेक्षकांची पांगापांग झाली आणि मोठ्या तंबूतील दिवे एकामागून एक मालवले गेले, म्हणजे हातात विजेरी घेऊन जनावरखान्याची एक फेरी करावयाची आणि घोडे, तट्टे व उंट यांच्या दावणीवरील प्रत्येक गाठ बोटांनी चाचपून पाहावयाची, हा माझा सलग अकरा वर्षांचा परिपाठ होता. दाव्याचे मोकळे टोक ओढताच जी सुटते ती सुरगाठ, आणि ओढल्याने जी अधिकच आवळत जाते ती निरगाठ, हा भेद आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतो. परंतु तो ठाऊक असणे वेगळे, आणि दिवसभराच्या श्रमाने जड झालेल्या हातांनी मध्यरात्री तो पाळणे वेगळे. जेथे निरगाठ आढळे तेथे मी मोतद्दाराला उठवीत असे, त्याच्याकडून ती सोडवून घेऊन सुरगाठ मारवीत असे, आणि त्याने ती एकदा ओढून दाखविल्याखेरीज पुढे पाऊल टाकीत नसे. जनावरांच्या डॉक्टराने मुकादमाच्या कामात का म्हणून लक्ष घालावे, हा प्रश्न नव्या माणसांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसे. त्याचे उत्तर अर्ध्या झोपेतल्या माणसाला उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. ते आज सवडीने लिहीत आहे.

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या बहुतेक मित्रांनी सरकारी दवाखान्यांतील नेमणुका पत्करल्या आणि गाईगुरांच्या व्याधींशी आयुष्याचे नाते जोडले; मी मात्र १९७१ साली, वडिलांची नाराजी ओढवून घेऊन, एका फिरत्या सर्कशीत रुजू झालो आणि पुढची चौदा वर्षे गावोगावच्या मैदानांवर ताडपत्रीच्या छपराखाली काढली. आमचे गाव मिरजेच्या बाजूचे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली उभी केलेली पहिली देशी सर्कस आणि तिच्यामागून निघालेली म्हैसाळच्या देवलांची सर्कस यांच्या कथा त्या मुलखातील म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या, आणि घर सोडताना माझ्या ट्रंकेत पुण्याच्या दामू धोत्र्यांचे ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे पुस्तक होते. आल्फ्रेड कोर्त या हिंस्र श्वापदांच्या फ्रेंच शिक्षकाबरोबर काम करून १९४० साली अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली या बलाढ्य सर्कशीत जाऊन पोहोचलेला हा मराठी मनुष्य माझ्या दृष्टीने त्या क्षेत्राचा अधिपती होता.

महाविद्यालयात आम्हांला जनावराचे शरीर शिकविले होते. त्याचा आज्ञाधारकपणा मात्र मी सर्कशीत प्रथम पाहिला, आणि पहिली दोन वर्षे त्याने मी अक्षरशः भारावून गेलो होतो. आमच्याकडे सहा हत्तिणी होत्या. त्यांतील सर्वांत थोरली चंपा. तिच्या तळपायात खडा रुतला की नाही, नखाच्या कडेला चीर पडली की काय, हे आठवड्यातून एकदा तपासावे लागे. मी तिच्या मागल्या पायाशी बसून घोट्यावर दोनदा थोपटले की ती तो प्रचंड पाय अलगद उचलून माझ्या गुडघ्याच्या उंचीवर धरी, आणि माहुताने ‘बस’ म्हणेपर्यंत तसाच अधांतरी ठेवी; तपासणीस पाच मिनिटे लागोत की पंधरा, तिच्या बाजूने चुळबूळ म्हणून होत नसे. कानामागील शिरेत सुई टोचतानाही तिचा डोळा माहुतावर खिळलेला असे. चार टनांचा तो देह एका म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावर स्थिर राहतो, याला मी तेव्हा विश्वास हे एकच नाव देत होतो.

१९७३ साली रजेवर मुंबईस आलो असता, फोर्टातील पदपथावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांत मला ‘सर्कस डॉक्टर’ हे इंग्रजी पुस्तक मिळाले. जे. वाय. हेंडरसन हा रिंगलिंग सर्कशीचा पशुवैद्य. त्याच्या आठवणी रिचर्ड टॅपलिंजर या लेखकाने शब्दबद्ध केल्या आणि त्या १९५१ साली प्रसिद्ध झाल्या. याच टॅपलिंजरने पुढे धोत्र्यांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तकही सिद्ध केले, हे मला कळले तेव्हा, दोन दूरचे आप्त एकाच घरी भेटावेत तसा आनंद झाला होता. माझ्या धंद्याचा मनुष्य, माझ्यासारखाच तंबूत राहिलेला! मी ते पुस्तक परतीच्या आगगाडीत वाचून काढले, आणि त्यातील क्लीव्हलंडच्या आगीच्या प्रकरणाशी येऊन थबकलो.

ती आग १९४२ सालच्या ऑगस्टच्या ४ तारखेची, मंगळवारची. क्लीव्हलंड हे ओहायो राज्यातील ईरी सरोवराच्या काठचे मोठे औद्योगिक शहर. युद्धाचे दिवस, तरीही सरोवराकाठच्या मैदानावर रिंगलिंग सर्कशीचा तळ नेहमीच्या थाटात पडलेला होता. मोठ्या सर्कशींची तेव्हाची रीत अशी, की खेळाचा तंबू वेगळा आणि जनावरखान्याचा तंबू वेगळा. प्रेक्षकांनी आधी जनावरे पाहावीत आणि मग खेळाला जावे. दुपारच्या खेळास अवकाश होता. मध्यान्हीला थोडाच वेळ उरला असताना जनावरखान्याच्या तंबूने पेट घेतला. खाली वाळलेला पेंढा, वर उन्हाने तापलेले कापड, आणि सरोवरावरून येणारा वारा; काही मिनिटांत छप्पर जळून त्याचे पेटते तुकडे खाली उभ्या असलेल्या जनावरांच्या पाठींवर पडू लागले. कोणी आगगाडीच्या इंजिनाची ठिणगी म्हटले, कोणी पेंढ्यात पडलेली सिगारेट, कोणी मुद्दाम लावलेली आग. मनुष्यहानी झाली नाही. जनावरे मात्र चाळीसहून अधिक गेली: हत्ती, उंट, झेब्रे, जिराफ, सिंह, वाघ. ज्यांच्यावर इलाज उरला नव्हता त्यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या.

मेलेल्या हत्तींची संख्या चार. हा आकडा वाचताना मला त्याच वर्षीचा एप्रिल महिना आठवल्याशिवाय राहत नाही. त्या महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये याच सर्कशीने ५० हत्ती आणि ५० नर्तिका यांचे नृत्य सादर केले होते. नृत्यरचना जॉर्ज बालांचिनची, आणि तिच्यासाठी संगीत लिहिले होते इगोर स्ट्राविन्स्की या जगन्मान्य रचनाकाराने. मोडॉक नावाच्या हत्तिणीवर आरूढ होऊन व्हेरा झोरिना ही नर्तकी रिंगणात आली. स्ट्राविन्स्कीच्या त्या संगीतातील लय मोडती आणि ठोके आडवेतिडवे. हत्तीच्या कानाला ते किती परके वाटले असेल याची कल्पना जनावरांबरोबर राहिलेला मनुष्यच करू शकेल. तरीही ते नाचले, कारण वॉल्टर मॅकक्लेन या त्यांच्या मुख्य शिक्षकाने त्यांना तसे शिकविले होते. आणि चार महिन्यांनी क्लीव्हलंडच्या तंबूत जेव्हा डोक्यावरचे आकाश पेटले, तेव्हा हे हत्ती साखळ्या तोडून उधळले नाहीत. ते उभे राहिले. मॅकक्लेन धावत आत आला, त्याने हुकूम दिला, आणि मग कातडी भाजलेली, कानांच्या चिंध्या झालेली ती जनावरे एकमेकांच्या शेपट्या सोंडेत धरून, रोज रिंगणात जातात त्याच शिस्तीने, ओळीने बाहेर पडली.

उंटांना असा कोणी मॅकक्लेन नव्हता. ते जेथे बांधले होते तेथून हलले नाहीत, आणि दावणीवरच त्यांचा अंत झाला.

गार्गांचुआ नावाचा प्रसिद्ध गोरिला वाचला. त्याचा पिंजरा काचेचा, वातानुकूलित होता. या एका प्राण्याच्या श्वासाची काळजी सर्कशीने खर्चाचा विचार न करता वाहिली होती. आणि त्याच दिवशी दुपारचा खेळ झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याबद्दल मी त्या लोकांना निष्ठुर म्हणणार नाही. तंबूत राहणाऱ्या शेकडो माणसांची चूल खेळावर पेटते, हे मला माहीत आहे. परंतु भाजलेल्या हत्तींना मलम लावीत बसलेल्या हेंडरसनच्या कानावर त्या दिवशीचा बँड पडला असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल, हा विचार मनातून जात नाही.

हे सर्व मी आगगाडीत वाचले आणि माझ्या टिपणवहीत काय उतरून घेतले? भाजलेल्या हत्तीच्या शुश्रूषेची पद्धत. हत्तीचा कान पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेला, त्याच्या अंगातील उष्णता बाहेर टाकणारा अवयव, म्हणून आगीत प्रथम तोच जातो. जळालेल्या त्वचेवरून पाणी झिरपत राहते, म्हणून तेलकट औषधाचा लेप अखंड ठेवावा. आणि वरची जखम बरी दिसली तरी धुराने फुप्फुस बिघडलेले असू शकते, म्हणून पुढले काही दिवस श्वासाकडे लक्ष असावे. हे सारे शास्त्रदृष्ट्या योग्यच होते. पण जनावरे कोठे उभी होती, कशाने बांधली होती आणि त्यांना सुटता का आले नाही, यांविषयी त्या वहीत एक ओळही मी लिहिली नाही. वैद्याचे काम आगीनंतर सुरू होते अशी माझी समजूत होती.

पुढच्याच वर्षी, १९७४च्या मे महिन्यात, वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी आमचा मुक्काम होता. शुक्रवार होता. ऊन असे की लोखंडी खुंट्याला हात लावता येऊ नये, आणि दुपारचा वारा गरम राखेसारखा अंगावर येत होता. थोरला माहूत, ज्याला आम्ही सारे चाचा म्हणत असू, जुम्म्याच्या नमाजासाठी गावात गेला होता. भटारखान्याच्या चुलीतील निखारा उडाला आणि हत्तींच्या तंबूमागे रचलेल्या कडब्याच्या गंजीत पडला. ही गंजी तेथे नको, असे कोणीतरी आधी म्हटले होते. पण चारा ओढण्याचे श्रम वाचतात म्हणून ती तेथेच रचली गेली. वाळलेला कडबा पेटला म्हणजे त्याचा आवाज होतो, मुसळधार पाऊस पत्र्यावर पडावा तसा. तो आवाज ऐकून मी बाहेर आलो तेव्हा ज्वाळा कनातीला लागल्या होत्या.

चाचाच्या हाताखालच्या पोराने दोन लहान हत्तिणी सोडवून बाहेर नेल्या, कारण त्या त्याचे ऐकत. उरलेल्या चौघींकडे मी धावलो. आमच्याकडे हत्तीचा एक पुढचा आणि एक मागचा पाय साखळीने खुंट्याला जखडीत, आणि साखळीच्या आकड्यात एक खिट्टी असे. पुढच्या पायाची खिट्टी निघाली. मागच्या पायाची गंजली होती. दगडाने ठोकता ठोकता मी चंपाच्या घोट्याला हाताने दाबून धरले, आणि त्या क्षणी जे घडले ते आज इतक्या वर्षांनीही मला जसेच्या तसे दिसते. चंपाने पाय उचलला. तिला वाटले, मी तिचे नख पाहावयास आलो आहे. डोक्यावर धूर, पाठीमागे कडबा जळत असलेला, आणि ती हत्तीण तो मागला पाय उचलून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर धरून, तपासणी संपण्याची वाट पाहत तीन पायांवर उभी होती. खिट्टी निघाली, साखळी गळून पडली, आता तिला अडविणारे जगात काही नव्हते. तरी ती हलली नाही. मी ‘मैल, मैल’, म्हणजे माहुतांच्या भाषेत ‘चल, चल’, म्हणून ओरडलो, तिच्या कुशीवर मुठी मारल्या. माझा आवाज तिला परिचित होता, पण तो हुकमाचा आवाज नव्हता. जळत्या ताडपत्रीचा एक पट्टा तिच्या डाव्या कानावर पडला; ती थरथरली, तिच्या तोंडून बारीक, लहान मुलासारखा आवाज निघाला, आणि उचललेला पाय तसाच राहिला.

मग चाचा आला. अनवाणी, टोपी कोठेतरी पडलेली, छाती भात्यासारखी चालत असलेली. त्याला मोठ्याने ओरडण्याचीही गरज पडली नाही. ‘बस, बेटी. मैल,’ एवढेच तो बोलला; चंपाने पाय खाली ठेवला आणि चालू लागली, आणि बाकीच्या तिघी, चाचाने त्यांच्या साखळ्या सोडताच, तिच्या मागोमाग. सहाही हत्तिणी वाचल्या.

उंट आणि तट्टे यांची दावण पलीकडच्या अंगाला होती. वारा फिरला आणि आग तिकडे गेली. तट्टांची दावी सुटली, पण घोड्याच्या जातीचा स्वभाव असा, की भयाच्या वेळी ज्या जागी त्याने चारा खाल्ला, ज्या जागी तो निजला, तीच जागा त्याला सुरक्षित वाटते. जळत्या पागेतून बाहेर काढलेला घोडा हात सुटताच पुन्हा पागेत शिरतो. डोळ्यांवर ओले फडके बांधून त्यांना दूर नेऊन धरून ठेवावे लागते. आमची दोन तट्टे अशीच परत आत धावली. एक त्याच ठिकाणी गेले. दुसरे बाहेर आले, जखमाही फारशा नव्हत्या, आणि तिसऱ्या दिवशी फुप्फुसांच्या दाहाने मेले. हेंडरसनच्या पुस्तकावरून केलेली माझी टिपणे बरोबर होती. त्यांचा त्याला उपयोग झाला नाही.

तीन उंटांपैकी दोन सुटले. तिसऱ्याचे दावे निरगाठीने बांधलेले होते. मोतद्दार ती गाठ दातांनी सोडवू पाहत होता, आणि आमच्या साऱ्या तळावर त्या घटकेला कोणाच्या हाताशी एक सुरी असू नये! कोणीतरी विळा घेऊन आले तेव्हा उंटाची वशिंडापासून मागची बाजू भाजून निघाली होती. त्याला ओढून झाडाखाली आणले. मी जवसाचे तेल आणि चुन्याची निवळी घोटून लेप दिला, वेदनाशामक औषध दिले. परंतु तो जगणार नाही हे मला पहिल्या दृष्टिक्षेपात कळले होते, आणि माझ्या पेटीतले गुंगीचे औषध उंटाच्या वजनाला पुरणारे नव्हते. मी ठाण्यावर माणूस धाडला. बंदूक चालविण्यास वरिष्ठांचा हुकूम पाहिजे, असा निरोप आला. वरिष्ठ दौऱ्यावर होते. कचेरीतून लेखी अर्ज मागविला गेला, तो मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला. उंट ओरडला नाही. मान जमिनीवर लांब टाकून, पापण्यांवर माशा बसू देत, तो माझ्याकडे पाहत होता, आणि मी ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसत होतो. दिवेलागणीला हुकूम घेऊन हवालदार आला. त्याच्या आधी घटकाभर उंट गेला होता. हवालदार भला मनुष्य होता. त्याने टोपी काढली आणि बराच वेळ काही न बोलता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. उंट नर एक, तट्टे दोन, ताडपत्री इतकी, कडब्याच्या पेंढ्या इतक्या, आणि प्रत्येकापुढे अंदाजे किंमत. मी साक्षीदार म्हणून सही केली. सही करण्यापूर्वी मी कारकुनाला म्हणालो, की उंटाचे दावे निरगाठीने बांधलेले होते, हे त्यात लिहा. त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, हे कोणत्या सदरात घालू?’ त्याची काही चूक नव्हती. आगीचे कारण, नुकसानीचा तपशील, संशयित इसम, अशी सदरे होती, त्यांत गाठीला जागा नव्हती. मी ते माझ्या वहीत लिहिले.

त्या रात्री चाचा चंपाच्या कानाला तूप लावीत बसला होता. कानाची कड करवतीसारखी झाली होती. मी त्याला विचारले, की साखळी सुटल्यावरही ती का हलली नाही? तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग, माझ्याकडे न पाहता, म्हणाला, ‘उसने क्या ग़लत किया, डॉक्टरसाब? हमने जो सिखाया, वही तो किया.’

मी हेंडरसनचे पुस्तक पुन्हा उघडले. तीच पाने, तीच तारीख. पण या खेपेस मला औषधे दिसेनात, दावण दिसू लागली. जंगलातला हत्ती वणव्याचा वास येताच मैलोगणती दूर निघून जातो. हरीण, नीलगाय, रानडुक्कर, साऱ्यांना पळणे उपजतच येते. आपण त्यांना पकडून आणतो आणि वर्षानुवर्षे खपून, कधी गुळाने, कधी अंकुशाने, त्यांच्या ठिकाणची ती एक विद्या पुसून टाकतो. बँड वाजला तरी पळू नकोस, दिव्यांचा झोत डोळ्यांवर आला तरी पळू नकोस, हजारो माणसांनी टाळ्या पिटल्या तरी पळू नकोस. मॅकक्लेनच्या हत्तींनी स्ट्राविन्स्कीचे संगीत सोसले आणि त्याच बळावर आगही सोसली. दोन्ही वेळची त्यांची स्थिरता एकच होती. ज्याने पळणे विसरावयास लावले, त्याच्यावर त्या जनावराच्या सुटकेचे ऋण राहते, आणि ते रोजच्या रोज, प्रत्येक रात्री फेडावे लागते, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे. मॅकक्लेन धावत आला, चाचा धावत आला. पण चाचाची मशीद आणखी दोन फर्लांग दूर असती तर? जनावराचे जीवित एका माणसाच्या कंठावर टांगून ठेवणे, ही गाठसुद्धा निरगाठच होय.

म्हणून आम्ही काही गोष्टी बदलल्या. कडब्याची गंजी तंबूपासून शंभर पावलांवर गेली. साखळ्यांच्या खिट्ट्यांना दर आठवड्याला तेल मिळू लागले, आणि दावणीच्या दोन्ही टोकांना खांबावर एकेक विळा टांगला गेला. दोन माहुतांनी एकाच वेळी तळ सोडू नये असा नियम झाला. आणि सर्वांत अवघड काम: चाचाने व मी मिळून हत्तिणींना एक नवा धडा शिकविला, की लांब शिट्टी झाली, मग ती कोणीही वाजवो, की साखळी सुटताच मैदानाच्या कडेला चालत जावयाचे; तेथे गूळ मिळेल. उंटांनाही तोच धडा. मालकांच्या बाजूने प्रथम विरोध झाला, कारण सरावाचा वेळ खेळाच्या तालमीतून जात होता. पण त्यांनी तो उंट पाहिला होता, आणि विरोध फार दिवस टिकला नाही. लहान हत्तिणी महिनाभरात शिकल्या. चंपाला सात महिने लागले. शिट्टी ऐकली की ती आधी चाचाकडे पाही.

क्लीव्हलंडच्या आगीनंतर दोन वर्षांच्या आत, १९४४च्या जुलैच्या ६ तारखेस, त्याच रिंगलिंग सर्कशीच्या मोठ्या तंबूला कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे आग लागली. पाऊस झिरपू नये म्हणून त्या तंबूच्या कापडाला १,८०० पौंड मेण ६,००० गॅलन पेट्रोलमध्ये विरघळवून चोपडलेले होते. १६७ माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. रिंगणात त्या वेळी हिंस्र श्वापदांचा खेळ नुकताच आटोपला होता. वाघसिंहांना रिंगणातून पिंजऱ्याकडे नेणाऱ्या लोखंडी गजांच्या बोळांनी बाहेर जाण्याची वाट अडविली, आणि त्या बोळांशी माणसांचे ढीग पडले. श्वापदे त्याच बोळांतून सुखरूप बाहेर गेली होती. क्लीव्हलंडला जनावरांना वाट नव्हती आणि हार्टफर्डला जनावरांच्या वाटेने माणसांची वाट खुंटली. पहिल्या आगीत माणसे मेली असती तर दुसरी टळली असती, असे कोणी म्हटले तर मला ते खोडून काढता येणार नाही. जनावरांच्या मृत्यूची नोंद नुकसानीच्या सदरात झाली की तिथून धडा निघत नाही, हे मी पंचनाम्यावर सही करताना पाहिले आहे. १९८१च्या फेब्रुवारीत बंगळूर येथे व्हीनस सर्कशीच्या आगीत ९२ जीव गेले, बहुतेक मुलेच. त्या रात्री आमच्या तळावर कोणी झोपले नाही. मी फेरी दोनदा केली.

पुढे केंद्र सरकारने १९९८ साली वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांना खेळांसाठी शिकविण्यास व प्रदर्शनात आणण्यास बंदी केली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम राखली. माझे जुने सोबती त्या वेळी मजकडे दुःखाने बोलले, कारण त्यांचे आयुष्य त्यात गेले होते, आणि ज्यांनी आयुष्यभर पिल्लांना बाटलीने दूध पाजले त्यांना क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल. पण मला तो निर्णय योग्य वाटला, आणि मी त्यांना तसे सांगितले. धोत्र्यांचे पुस्तक आजही माझ्या उशाशी असते; त्यातील ‘सखेसोबती’ हा शब्द मी आता थोडा थांबून वाचतो.

मी नोकरी सोडली ती १९८५ साली. चाचा त्याच्या आधी दोन वर्षे थकून गावी गेला होता. निघण्याच्या पहाटे, अंधार असतानाच, मी शेवटची फेरी केली. घोड्यांच्या दावणीवर एकोणीस गाठी. साऱ्या सुरगाठी, मोकळी टोके एकाच बाजूला. उंटांच्या दावणीवर चार. मग हत्तींकडे गेलो. चंपा जागी होती. तिच्या कानाची करवती कड कनातीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात दिसत होती. सवयीने मी तिच्या मागल्या पायाशी बसलो, खिट्टी चाचपली. तेल ताजे होते. तेवढ्यात माझा हात घोट्याला लागला असावा, कारण तिने पाय उचलला आणि धरला. मी नखांवरून बोट फिरवले, तळव्यावरची माती झाडली. ‘बस, बेटी,’ असे म्हटले. तिने क्षणभर मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि पाय खाली ठेवला.